अलर्क रोग : ओळख, उपचार आणि गावाची जबाबदारी

मानवजातीला ज्ञात असलेल्या रोगांपैकी लक्षणे दिसू लागल्यानंतर जवळजवळ निश्चितपणे मृत्यू ओढवणारा रोग म्हणजे रेबीज अथवा अलर्क होय. पिसाळलेले कुत्रे चावल्याने हा रोग होतो, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. या रोगाचे दुसरे वैशिष्ट्य मात्र तितकेसे ठाऊक नसते. दंश झाल्यापासून रोग प्रकट होईपर्यंत बहुधा काही आठवड्यांचा, पुष्कळदा दोन ते तीन महिन्यांचा अवधी मिळतो आणि या अवधीच्या आरंभीच योग्य उपचार झाले, तर रोग टाळता येतो. म्हणजे ज्या रोगावर नंतर कोणताही खात्रीचा इलाज नाही, त्याच रोगावर आधी मात्र अत्यंत परिणामकारक इलाज उपलब्ध आहे. असे असूनही या रोगाने माणसे मरतात. याचे प्रमुख कारण हाती असलेला वेळ वाया जाणे हे आहे. तो कोठे वाया जातो आणि तो वाचविण्यासाठी गावपातळीवर कोणी काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९,००० व्यक्ती या रोगाला बळी पडतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या संशोधकांनी २०२२-२३ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीतून भारतात दरवर्षी सुमारे ९१ लाख प्राणिदंश होतात आणि सुमारे ५,७०० मृत्यू होतात, असा अंदाज निघाला. याच पाहणीत असेही आढळले की, कुत्रा चावलेल्यांपैकी सुमारे एक-पंचमांश व्यक्तींनी लस घेतलीच नाही आणि ज्यांनी ती घेण्यास प्रारंभ केला, त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी मात्रा पूर्ण केल्या नाहीत. लस अस्तित्वात असणे आणि ती प्रत्यक्ष शरीरात वेळेवर पोहोचणे यांतील अंतर या आकड्यांवरून ध्यानात येते.

रोगाची ओळख

हा रोग आपल्या देशात फार प्राचीन काळापासून ज्ञात आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या श्वापदांच्या दंशाचे वर्णन असून, पाण्याच्या दर्शनाने अथवा आवाजाने रुग्ण भयभीत होणे हे मृत्यूचे लक्षण मानले आहे. या लक्षणावरूनच ‘जलसंत्रास’ हे नाव रूढ झाले. रोगाचे कारण एक विषाणू असून, सूक्ष्मदर्शकाखाली तो बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा दिसतो. रोगी प्राण्याच्या लाळेत हा विषाणू असतो. दंशाच्या, ओरखड्याच्या अथवा उघड्या जखमेवर चाटण्याच्या वाटेने, तसेच डोळे, नाक व तोंड यांतील नाजूक अंतस्त्वचेच्या वाटेने तो शरीरात शिरतो. धडधाकट, अखंड त्वचेतून मात्र तो आत जाऊ शकत नाही.

माणसाला होणाऱ्या या रोगाचे सुमारे ९९ टक्के प्रसंग कुत्र्यांपासून उद्भवतात. तथापि मांजर, माकड, कोल्हा, लांडगा, मुंगूस, तसेच गाय, म्हैस, शेळी यांसारखी सर्व सस्तन जनावरे या रोगाला बळी पडू शकतात. साप, पाल, कोंबडी व अन्य पक्षी यांच्यापासून या रोगाची भीती नसते.

पिसाळलेला कुत्रा म्हणजे लाळ गाळीत, जीभ बाहेर काढून, दिसेल त्याच्या अंगावर धावून जाणारा कुत्रा, असे चित्र आपल्या मनात असते. ते अपुरे आहे. काही कुत्र्यांत हा रोग मूक स्वरूपात प्रकट होतो. असा कुत्रा अंधाऱ्या कोपऱ्यात गप्प पडून राहतो, त्याचा जबडा लोंबतो, त्याला गिळता येत नाही आणि त्याच्या अवयवांना पक्षाघात होतो. शिवाय लक्षणे दिसण्यापूर्वी काही दिवस कुत्र्याच्या लाळेत विषाणू उतरलेला असतो. यास्तव ‘कुत्रा चांगला दिसत होता’ हे कारण सांगून उपचार टाळणे धोक्याचे होय.

विषाणूचा शरीरातील प्रवास

उपचाराचे मर्म समजण्यासाठी विषाणूचा शरीरातील मार्ग समजून घेणे आवश्यक आहे. दंशाबरोबर जखमेत शिरलेला विषाणू प्रथम तेथील स्नायूंमध्ये राहतो व वाढतो. त्यानंतर तो मज्जातंतूंच्या टोकांतून आत प्रवेश करतो आणि तंतूंच्या मार्गाने पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूकडे व तेथून मेंदूकडे सरकतो. रक्तातून वेगाने पसरणाऱ्या अन्य अनेक विषाणूंप्रमाणे तो पसरत नाही, म्हणूनच त्याला मेंदू गाठण्यास वेळ लागतो. मेंदूत पोहोचल्यावर मात्र तो झपाट्याने वाढतो आणि तेथून उलट दिशेने निघून लाळग्रंथींपर्यंत येतो.

दंश झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ बहुधा दोन ते तीन महिन्यांचा असतो. तो एका आठवड्याइतका अल्प अथवा एक वर्षाइतका दीर्घही असू शकतो. दंशाची जागा मेंदूच्या जितकी जवळ, तितका हा काळ कमी. चेहरा, डोके, मान येथील दंश त्यामुळे विशेष गंभीर ठरतात. हाताच्या बोटांत मज्जातंतूंची दाटी असल्याने तेथील दंशही तितकाच गंभीर असतो. लहान मुलांची उंची कमी असल्याने त्यांना चेहऱ्यावर व डोक्यावर दंश होण्याचा संभव अधिक असतो, हे पालकांनी व शिक्षकांनी लक्षात ठेवावे.

रोगाचा आरंभ ताप, डोकेदुखी आणि भरून आलेल्या जखमेच्या जागी मुंग्या येणे, खाज सुटणे अथवा दुखणे अशा साध्या लक्षणांनी होतो. पुढे रुग्ण अस्वस्थ होतो. पाणी पिण्याचा प्रयत्न करताच घशाच्या स्नायूंना वेदनामय आचके येतात. वाऱ्याच्या झुळकेनेही तसेच आचके येतात. काही दिवसांतच मृत्यू ओढवतो. सुमारे एक-पंचमांश रुग्णांत जलसंत्रास न दिसता केवळ हळूहळू पक्षाघात वाढत जातो. असे रुग्ण कित्येकदा अन्य रोगाचे समजले जातात. या अवस्थेतून वाचलेल्यांची उदाहरणे साऱ्या जगात अत्यंत मोजकी आहेत. म्हणून विषाणू मज्जातंतूत शिरण्यापूर्वी त्याला जखमेतच अडविणे, हाच उपचाराचा सर्व गाभा आहे. हे काम तीन साधनांनी होते : जखम धुणे, लस आणि सिरम.

पहिली पंधरा मिनिटे

दंश होताच प्रथम करावयाची गोष्ट म्हणजे वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम किमान पंधरा मिनिटे धुणे. या विषाणूचे बाह्य आवरण स्निग्ध पदार्थाचे असते आणि साबणाने ते विरघळून विषाणू नष्ट होतो. नळ नसेल तर तांब्याने अथवा कळशीने सतत पाणी ओतावे. अंगाचा साबण, कपड्याचा साबण, जो हाताशी असेल तो चालतो. पंधरा मिनिटे हा अवधी वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. त्यामुळे घड्याळाकडे पाहूनच धुवावे. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन अथवा तत्सम जंतुनाशक लावावे. दंश होऊन काही तास उलटून गेले असले तरीही जखम धुणे टाळू नये.

यानंतर जे करू नये तेही तितकेच महत्त्वाचे आहे. जखमेवर तिखट, चुना, हळद, तेल, तंबाखू, कॉफीची पूड अथवा झाडपाल्याचा लेप लावू नये. अशा पदार्थांनी जखम चिघळते आणि विषाणू ऊतींमध्ये अधिक खोल जाण्यास मदत होते. जखम डागू नये. ती घट्ट बांधू नये. टाके शक्यतो घालू नयेत. ते घालणे अपरिहार्य असेल तर सिरम दिल्यानंतरच आणि सैलसर घालावेत, असा वैद्यकीय संकेत आहे. धनुर्वाताची लस आवश्यकतेप्रमाणे वैद्यकीय अधिकारी देतात.

मंत्र, उतारा, दोरा यांबाबत एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. चावणारे प्रत्येक कुत्रे रोगी नसते आणि रोगी कुत्र्याच्या प्रत्येक दंशातून रोग होतोच असेही नाही. त्यामुळे मांत्रिकाकडे गेलेल्या पुष्कळ लोकांना काहीही होत नाही आणि त्याचे श्रेय मंत्राला मिळते. ज्याला खरोखर लागण झालेली असते, तो मात्र दोन-तीन महिन्यांनी दगावतो. तोपर्यंत दंशाची आठवणही पुसट झालेली असते. श्रद्धेचा प्रश्न उपस्थित न करता, ‘आधी साबण-पाणी, मग दवाखाना, त्यानंतर आपल्या मनाला वाटेल ते करावे’ असे समजावून सांगितल्यास लोक ऐकतात.

संपर्काचे तीन वर्ग

कोणाला कोणता उपचार द्यावयाचा, हे ठरविण्यासाठी प्राण्याशी आलेल्या संपर्काचे तीन वर्ग केले आहेत.

पहिला वर्ग : प्राण्याला हात लावणे, खाऊ घालणे अथवा अखंड त्वचेवर त्याने चाटणे. यात लसीची आवश्यकता नसते. ती जागा धुणे पुरेसे असते.

दुसरा वर्ग : उघड्या त्वचेवर दातांनी किंचित कुरतडणे अथवा रक्त न आलेला ओरखडा. यात जखम धुऊन तत्काळ लस घ्यावी लागते.

तिसरा वर्ग : रक्त काढणारा दंश अथवा ओरखडा, फाटलेल्या त्वचेवर चाटणे, तोंडात वा डोळ्यात लाळ जाणे, तसेच वन्य प्राण्याचा दंश. यात जखम धुणे, लस आणि सिरम अशा तिन्ही गोष्टी आवश्यक असतात.

केवळ सुईच्या टोकाएवढे रक्त आले तरी तो तिसरा वर्ग होय. ‘थोडेसेच खरचटले’ असे म्हणून ज्या जखमा सोडून दिल्या जातात, त्यांत अनेक जखमा या वर्गातील असतात. वर्गनिश्चिती वैद्यकीय अधिकाऱ्यांनी करावयाची आहे. तथापि सामान्य माणसाला हे वर्ग ठाऊक असल्यास तो दवाखान्यात जाण्याचे टाळणार नाही.

लस : चौदा इंजेक्शनांचा काळ गेला

६ जुलै १८८५ रोजी फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी योसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या, पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या मुलाला प्रथम ही लस दिली आणि तो मुलगा वाचला. भारतात १९०० मध्ये कसौली येथे पाश्चर संस्था स्थापन झाली. तेथेच डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये मेंदूच्या ऊतींपासून नवीन प्रकारची लस सिद्ध केली. मेंढीच्या मेंदूपासून तयार होणारी ही लस पुढे अनेक दशके देशभर वापरली गेली. मुंबईतील परळच्या हाफकिन संस्थेतही श्वानदंशावरील लस तयार होत असे. सेंपल लसीने असंख्य जीव वाचविले. परंतु ती रोज एक याप्रमाणे चौदा दिवसांपर्यंत पोटात टोचावी लागे, ती अतिशय वेदनादायक असे आणि काही रुग्णांत तिच्यामुळे मज्जासंस्थेचे गंभीर विकार उद्भवत. २००४ मध्ये भारतात या लसीचा वापर बंद करण्यात आला.

आज वापरली जाणारी लस पेशींच्या संवर्धनापासून तयार केलेली, शुद्ध व सुरक्षित असते. ती दंडावर दिली जाते. अगदी लहान मुलांना मांडीच्या पुढील-बाहेरील बाजूस देतात. कुल्ल्यावर ती देऊ नये, कारण तेथे दिल्यास अपेक्षित परिणाम मिळत नाही. पोटातील चौदा इंजेक्शनांची भीती मात्र वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून अजून टिकून आहे आणि तिच्यापोटी दंश लपविला जातो. ही भीती निराधार झाली आहे, हे गावोगाव सांगितले पाहिजे.

लस देण्याच्या दोन पद्धती आहेत. स्नायूत द्यावयाच्या पद्धतीत शून्य, तिसरा, सातवा, चौदावा व अठ्ठाविसावा अशा पाच दिवशी मात्रा दिल्या जातात. त्वचेच्या थरात द्यावयाच्या पद्धतीत शून्य, तिसरा, सातवा व अठ्ठाविसावा अशा चार दिवशी, प्रत्येक वेळी दोन्ही दंडांवर अल्प प्रमाणात लस टोचली जाते. दुसऱ्या पद्धतीत लस कमी लागते. म्हणून २००६ पासून भारतात तिला मान्यता देण्यात आली आणि ती शासकीय रुग्णालयांत वापरली जाते. दोन्ही पद्धती सारख्याच परिणामकारक आहेत.

‘शून्य दिवस’ म्हणजे पहिली मात्रा घेतल्याचा दिवस. दंशाचा दिवस नव्हे. उदाहरणार्थ, पहिली मात्रा ५ जूनला घेतली तर पुढील तारखा ८ जून, १२ जून, पाच मात्रांच्या पद्धतीत १९ जून आणि शेवटची ३ जुलै अशा येतात. दंश होऊन अनेक दिवस, किंबहुना काही आठवडे लोटले असले तरी लक्षणे दिसेपर्यंत लस घेणे अर्थपूर्ण असते. ‘आता उशीर झाला’ म्हणून घरी बसू नये. गर्भवती स्त्रिया, स्तनदा माता, तान्ही मुले व वृद्ध यांनाही ही लस देता येते. या रोगाच्या बाबतीत लस न घेण्यास कोणतेही कारण पुरेसे ठरत नाही.

ज्यांनी पूर्वी लसीच्या सर्व मात्रा घेतल्या आहेत, त्यांना पुन्हा दंश झाल्यास केवळ शून्य व तिसऱ्या दिवशी दोन मात्रा पुरतात आणि सिरमची आवश्यकता नसते. यासाठी लसीची नोंदपत्रिका जपून ठेवावी. पशुवैद्यकीय कर्मचारी, कुत्रे पकडणारे कामगार व प्रयोगशाळेतील सेवक यांच्यासारख्या सतत धोक्यात असणाऱ्यांना दंशापूर्वीच ही लस देण्याची पद्धत आहे.

सिरमचे महत्त्व

लस घेतल्यानंतर शरीरात संरक्षक द्रव्ये तयार होण्यास सुमारे एक ते दोन आठवडे लागतात. तिसऱ्या वर्गाच्या जखमेत एवढा काळ थांबणे धोक्याचे असते. ही मधली पोकळी भरून काढण्यासाठी तयार संरक्षक द्रव्ये थेट जखमेत व जखमेभोवती टोचतात. यालाच सामान्यतः सिरम म्हणतात. ते घोड्याच्या अथवा मानवी रक्तापासून तयार करतात. प्रयोगशाळेत तयार केलेले, याच कार्याचे प्रतिपिंड पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१७ मध्ये उपलब्ध करून दिले.

सिरमचे प्रमाण रुग्णाच्या वजनावरून ठरते. ते पहिल्या मात्रेबरोबरच मिळणे उत्तम; न मिळाल्यास पहिल्या मात्रेपासून सातव्या दिवसापर्यंत देता येते. त्यानंतर लसीमुळे शरीर स्वतः संरक्षण निर्माण करू लागलेले असते, म्हणून ते देत नाहीत. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात सिरम असेलच असे नाही. अशा वेळी रुग्णाला लसीची पहिली मात्रा देऊन ग्रामीण, उपजिल्हा अथवा जिल्हा रुग्णालयात पाठविले जाते. वेळ वाया जाण्याचे हे एक मोठे ठिकाण आहे. लस टोचून झाली, आता भागले, असे समजून रुग्ण तेथूनच घरी परततो. चेहऱ्यावर वा हातावर खोल जखम असलेल्या बालकाच्या बाबतीत ही चूक प्राणघातक ठरू शकते. पुढील रुग्णालयात जाण्यास सांगितले असेल तर त्याच दिवशी जावे. वाहनाची अडचण असल्यास ती सोडविणे हे गावाचे कर्तव्य होय.

दहा दिवसांचे निरीक्षण

चावणारे कुत्रे अथवा मांजर ओळखीचे असेल, तर ते मारू नये. त्याला सुरक्षितपणे बांधून अथवा कोंडून दहा दिवस त्याच्याकडे लक्ष ठेवावे. लाळेत विषाणू उतरलेला प्राणी बहुधा दहा दिवसांच्या आत आजारी पडून मरतो. दहा दिवसांनंतर तो निरोगी असल्यास दंशाच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, असे समजता येते आणि पुढील मात्रांबाबत वैद्यकीय अधिकारी निर्णय घेऊ शकतात. मात्र हे निरीक्षण लस सुरू करून करावयाचे आहे; निरीक्षणाच्या निकालाची वाट पाहत लस थांबवावयाची नाही. ही दहा दिवसांची कसोटी केवळ कुत्रा व मांजर यांनाच लागू आहे. वन्य प्राणी, पळून गेलेला अथवा मेलेला प्राणी यांच्या बाबतीत पूर्ण उपचार घ्यावेत.

मेलेल्या संशयित प्राण्याला उघड्या हातांनी स्पर्श करू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. मेंदूच्या ऊतींची तपासणी करून रोगाचे निदान करता येते. तपासणी शक्य नसल्यास प्रेत खोल खड्ड्यात पुरावे.

जनावरे आणि दूध

ग्रामीण भागात अनेकदा पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाने गाय अथवा म्हैस मरते आणि तिचे दूध प्यालेल्या साऱ्या वस्तीत घबराट पसरते. याबाबत वस्तुस्थिती अशी की, उकळल्याने हा विषाणू नष्ट होतो. उकळलेल्या दुधापासून धोका नसतो. दूध प्यायल्याने हा रोग झाल्याचे सिद्ध उदाहरण नाही. तथापि रोगी जनावराचे दूध वापरू नये आणि निरसे दूध कोणत्याही परिस्थितीत पिऊ नये.

खरा धोका निराळ्याच ठिकाणी असतो. रोगी जनावर सारखे हंबरते, लाळ गाळते आणि त्याला गिळता येत नाही. घशात काही अडकले असावे, अशा समजुतीने पशुपालक त्याच्या तोंडात हात घालतो. हातावर बारीकशी चीर असली तरी हा तिसऱ्या वर्गाचा संपर्क ठरतो. लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात हात न घालता प्रथम पशुधन विकास अधिकाऱ्यांना पाचारण करावे आणि हात घातला गेलाच असेल तर विलंब न लावता आरोग्य केंद्र गाठावे. कुत्रा चावलेल्या जनावरालाही लस देता येते.

रोगाच्या उगमावर इलाज

माणसाला लस देऊन एक जीव वाचतो. कुत्र्यांना लस देऊन रोगाची साखळी तुटते. एखाद्या परिसरातील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस दिली गेली, तर रोग एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे पसरणे थांबते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निष्कर्ष आहे. कुत्र्याला सुमारे तीन महिन्यांच्या वयात पहिली लस आणि त्यानंतर पशुवैद्यकांच्या सल्ल्याप्रमाणे दरवर्षी लस द्यावी.

कुत्रे मारून टाकणे हा उपाय अनेकदा सुचविला जातो. कायद्याने त्यास प्रतिबंध आहेच. शिवाय तो निष्फळही ठरतो. मोकळ्या झालेल्या जागी, जोपर्यंत उघड्यावर खरकटे व कचरा उपलब्ध आहे तोपर्यंत, बाहेरून नवी कुत्री येतात आणि त्यांना लस दिलेली नसते. केंद्र शासनाने २०२३ मध्ये जारी केलेल्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण घडवून आणण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आहे.

आपल्या शेजारच्या गोव्याचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. तेथे २०१३ पासून स्वयंसेवी संस्था व राज्य शासन यांच्या सहकार्याने कुत्र्यांच्या सामूहिक लसीकरणाची मोहीम टप्प्याटप्प्याने राज्यभर नेण्यात आली. पथके गल्लोगल्ली फिरून घरची कुत्री हातात धरून आणि भटकी कुत्री जाळ्याने पकडून लस टोचीत. टोचलेल्या कुत्र्यावर रंगाची खूण करण्यात येई आणि प्रत्येकाची नोंद भ्रमणध्वनीवर घेतली जाई. जोडीला शाळाशाळांतून मुलांना शिक्षण देण्यात आले आणि संशयित प्राण्यांची तपासणी करण्यात आली. परिणामी २०१९ पर्यंत कुत्र्यांतील रोगाचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक घटले आणि २०१८ व २०१९ या वर्षांत तेथे या रोगाने एकही मानवी मृत्यू नोंदला गेला नाही. सातत्य, नोंद आणि लोकशिक्षण या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय साधते, याचा हा पुरावा होय. कुत्र्यांपासून होणारे मानवी मृत्यू २०३० पर्यंत पूर्णपणे थांबविण्याचे उद्दिष्ट ठेवून केंद्र शासनाने २८ सप्टेंबर २०२१ रोजी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आहे.

ग्रामपंचायतीने करावयाची कामे

या रोगाच्या निर्मूलनात ग्रामपंचायतीचा वाटा मोलाचा आहे आणि त्यातील पुष्कळ कामांना फारसा खर्च नाही.

एक, आपल्या गावाला श्वानदंशाची लस कोणत्या केंद्रात व सिरम कोणत्या रुग्णालयात मिळते, याची माहिती घेऊन ती ग्रामपंचायत कार्यालय, शाळा व अंगणवाडी यांच्या भिंतीवर ठळकपणे लिहावी. रुग्णवाहिकेसाठीचा १०८ हा क्रमांकही त्यासोबत असावा.

दोन, दंशाची नोंदवही ठेवावी. तीत नाव, दंशाची तारीख, पहिल्या मात्रेची तारीख आणि पुढील मात्रांच्या तारखा लिहाव्यात. आशा स्वयंसेविका अथवा आरोग्यसेविका यांनी प्रत्येक मात्रेच्या आदल्या दिवशी त्या घरी आठवण द्यावी. मजुरी बुडते म्हणून तिसरी मात्रा चुकविणारा मजूर, ऊसतोडीसाठी अथवा वीटभट्टीवर स्थलांतर करणारे कुटुंब यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे. अशा कुटुंबाने नोंदपत्रिका बरोबर नेल्यास पुढील मात्रा जेथे असेल तेथील शासकीय रुग्णालयात घेता येते.

तीन, पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवशी, गावातील पाळीव व भटक्या कुत्र्यांच्या लसीकरणाचे शिबिर भरवावे. शिबिरापूर्वी कुत्र्यांची ढोबळ गणना केल्यास ७० टक्क्यांचे लक्ष्य गाठले की नाही, हे पडताळता येते.

चार, मांसविक्रीचे टाकाऊ अवशेष, लग्नकार्यातील खरकटे व मेलेली जनावरे उघड्यावर टाकली जाणार नाहीत, अशी व्यवस्था करावी.

पाच, एखादा कुत्रा अथवा जनावर संशयास्पद रीतीने मेल्यास आरोग्य व पशुसंवर्धन या दोन्ही खात्यांना एकाच दिवशी कळवावे. माणसाचा दवाखाना आणि जनावरांचा दवाखाना यांच्यातील दुवा गावपातळीवर ग्रामपंचायतीनेच जोडावयाचा असतो.

शिक्षकांसाठी

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते संशयित प्राण्यांचा दंश झालेल्यांत सुमारे ४० टक्के मुले पंधरा वर्षांखालील असतात. रागावतील, इंजेक्शन देतील किंवा लाडक्या पिलाला घालवून देतील, या भीतीने मुले दंशाची गोष्ट घरी सांगत नाहीत. लपविलेल्या दंशावर उपचार होऊ शकत नाही. म्हणून शिक्षकांनी मुलांना सर्वप्रथम हे सांगावे की, कुत्रा चावला अथवा ओरबाडला तर मोठ्या माणसाला सांगणे ही शहाणपणाची गोष्ट आहे. त्याबद्दल कोणीही रागावणार नाही. आणि खरोखरच कोणी रागावू नये, हे पालकसभेत पालकांना सांगावे.

एका तासिकेत पुढील पाठ देता येईल. जेवणाऱ्या, झोपलेल्या अथवा पिलांजवळ असलेल्या कुत्र्याला छेडू नये. कुत्रा अंगावर आल्यास पळू नये. झाडासारखे स्तब्ध उभे राहावे. खाली पडल्यास गुडघे पोटाशी घेऊन, हातांनी कान व मान झाकून निश्चल राहावे. दंश झाल्यास साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावे. धुण्याचे प्रात्यक्षिक शाळेच्या नळावर घड्याळ लावून करून घ्यावे, म्हणजे पंधरा मिनिटे किती असतात हे मुलांना कळेल. लसीच्या तारखा काढण्याचे उदाहरण गणिताच्या तासाला घालता येईल. २८ सप्टेंबर, म्हणजे पाश्चर यांचा स्मृतिदिन, हा जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी हा पाठ अवश्य घ्यावा.

ज्या घरात या रोगाने मृत्यू घडला असेल, त्या घराशी गावाने सहानुभूतीने वागावे. रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांपैकी ज्यांच्या जखमेला, डोळ्यांना अथवा तोंडाला रुग्णाची लाळ लागली असेल, त्यांनी वैद्यकीय सल्ल्याने लस घ्यावी. अन्य कोणाला भीती बाळगण्याचे अथवा त्या कुटुंबाला दूर ठेवण्याचे कारण नाही.

या रोगाविरुद्धचे ज्ञान आपल्याजवळ आहे, लस आहे, सिरम आहे. दंश झालेल्या माणसाला हे सारे वेळेत मिळते की नाही, हे पुष्कळ अंशी त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसावर अवलंबून असते. तो शेजारी शिक्षक असेल, सरपंच असेल, ग्रामपंचायत अधिकारी असेल अथवा पोलीस पाटील असेल. त्याने मुलाच्या जखमेवरील चुना पुसून त्याला नळाखाली नेले, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पोहोचविले आणि अठ्ठाविसाव्या दिवसाच्या मात्रेची आठवण ठेवली, तर एक मृत्यू टळतो. असा टळलेला मृत्यू कोणत्याही नोंदवहीत दिसत नाही. तथापि गावाच्या आरोग्याचे मोजमाप अशाच न घडलेल्या घटनांनी होत असते.